बियाण्याची ज्वारी

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेल्या आरडी खात्यांचा हप्ता १५ तारखेच्या आत पोस्टात पडावा लागतो. त्यामुळे १ ते १५ माझी वणवण असते. पिशवीत कार्डं, कंबरेला पैशाची चंची, डोक्यावर पदर. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यात. सोळा वर्षं झाली, मी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. कुणाकडे शंभर, कुणाकडे पाचशे, एका शिक्षिकाबाईंकडे तीन हजार. पैसे घ्यायचे, कार्डावर सही करायची, चहा नको म्हणायचं आणि शेवटी घ्यायचाच.

२०१९ मध्ये मी नागपूरला जाऊन एनआयएसएमची, म्हणजे म्युच्युअल फंड विकायला लागणारी, परीक्षा दिली. शंभर प्रश्न, दोन तास. पास झाले आणि पुढे म्युच्युअल फंड वितरकाचा नंबर घेतला. लोक विचारतात, आरडीचं बरं चाललं होतं, मग हे कशाला? त्याचं कारण आमच्या घरातच आहे. माझे सासरे. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.

२०१७ मध्ये समृद्धी महामार्गासाठी आमच्या भागातली जमीन सरळ खरेदीने घेतली गेली. खरेदीखत झालं की पैसे थेट खात्यात. ज्या माणसाने आयुष्यभर कापसाच्या चुकाऱ्यासाठी अडत्याच्या ओट्यावर दिवस काढले, त्याच्या पासबुकावर एका दुपारी लाखांचा आकडा उमटला. त्या हिवाळ्यात गावात चारचाक्या गाड्या फार दिसायच्या. गाडीवाले, प्लॉटवाले, विमेवाले, बँकवाले. मामाजींकडे आला तो एका बँकेतला तरुण अधिकारी. मराठी गोड, बूट बाहेर काढून आत आलेला, आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पाया पडलेला. त्याने सांगितलं, एफडीवर मिळते त्याच्या जवळपास दुप्पट, महिन्याला एक टक्का, दर महिन्याला खात्यात. ‘बॅलन्स्ड फंड’ आहे, नावातच बॅलन्स आहे.

मामाजींनी नोव्हेंबर २०१७ मध्ये २० लाख रुपये टाकले. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, २५ रुपये; ८० हजार युनिट. डिसेंबरपासून नव्हे, त्याच महिन्यापासून युनिटमागे २५ पैसे यायला लागले. महिन्याला २० हजार! मोबाईलवर मेसेज आला की मामाजी तो पारावर दाखवायचे. त्या मेसेजने मामाजींना जो मान दिला तो बारा एकर वावरानेही कधी दिला नव्हता. त्यांच्या मागे गावातल्या आणखी चौघांनी त्याच योजनेत पैसे टाकले. कुणी कागद वाचला नाही. मामाजींना येतात म्हणजे आपल्यालाही येतील, एवढंच. मी तेव्हा फक्त आरडीवाली होते. मला विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

नंतर शिकले तेव्हा कळलं की त्या एक-दोन वर्षांत अनेक फंड घराण्यांच्या, म्हणजे म्युच्युअल फंड चालवणाऱ्या कंपन्यांच्या, बॅलन्स्ड योजना दरमहा लाभांशाच्या नावावरच विकल्या गेल्या. का? लोकांना तेच हवं होतं म्हणून. नोटाबंदीनंतर बँकांचे व्याजदर उतरले होते, निवृत्त माणसं आणि मोबदलेवाले दरमहा उत्पन्न शोधत होते. फंड घराणं काय करतं हे मला एका वाक्यात कुणी तेव्हा सांगायला हवं होतं: घराण्याची कमाई तुमच्या नफ्यावर ठरत नाही, त्यांच्याकडे जमा असलेल्या एकूण रकमेवर ठरते. व्यवस्थापनाचा खर्च त्या रकमेच्या टक्केवारीत कापला जातो, बाजार चढो की पडो. मग जास्त पैसा येईल असाच निर्णय घराणं घेणार. लोकांना दरमहा मेसेज आवडतो, तर दरमहा मेसेज. वरून विकणाऱ्याला त्या काळात सुरुवातीलाच कमिशन मिळायचं. शेअर बाजारावर आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ते आगाऊ कमिशन २०१८ च्या ऑक्टोबरात बंद केलं, तेव्हा मामाजींचे पैसे जाऊन वर्ष होत आलं होतं.

मला राग त्या मुलावर नाही. त्याला टार्गेट असेल. मला राग ‘बॅलन्स’ या शब्दाचा आहे. त्या योजनेत ६५ टक्क्यांहून जास्त पैसा शेअर बाजारात होता. आमच्याकडे बॅलन्स म्हणजे काट्याचे दोन्ही पारडे सारखे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने सगळ्या योजनांची वर्गवारी केली होती. छत्तीस प्रकार ठरवले आणि एका घराण्याला एका प्रकारात एकच योजना, असा नियम केला. त्याआधी एकाच घराण्याच्या चार-चार सारख्या योजना असायच्या, ज्या वर्षी जी चांगली चालली ती पुढे करायची. नियमानंतर २०१८ मध्ये योजनांची नावं बदलली, काही एकमेकींत विलीन झाल्या. मामाजींच्या योजनेचंही बारसं झालं. नवीन प्रकार: ॲग्रेसिव्ह हायब्रिड, म्हणजे शेअर जास्त, रोखे कमी. तसं पत्र घरी आलं होतं. चार पानी, इंग्रजीत. मूळ स्वरूपात असा बदल होतो तेव्हा गुंतवणूकदाराला तीस दिवस मिळतात, त्या दिवसांत एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचा आकार, न भरता पैसे काढता येतात. ते पत्र मामाजींनी सातबाऱ्याच्या कागदांसोबत लोखंडी पेटीत जपून ठेवलं होतं. न फोडता. सरकारी कागद समजून.

दोन वर्षांनी मीच तो लिफाफा फोडला.

मार्च २०२०. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २३ ला सोमवार. त्या एका दिवसात सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला आणि २५,९८१ वर बंद झाला. पुण्याच्या दिराचा फोन आला, बाबांचे पैसे बघा. मामाजी आतल्या खोलीत पेटी घेऊन बसले, मी समोर वही घेऊन. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं इतकं गाव गप्प होतं. एनएव्ही होती १५ रुपये ४० पैसे. मी गुणाकार केला आणि वही त्यांच्याकडे फिरवली. १२ लाख ३२ हजार.

मामाजी म्हणाले, “वीस टाकले होते. आन् व्याज तं येतच होतं.”

मग मी एकेक महिना लिहून काढला. पहिले पाच महिने २० हजारांप्रमाणे. एप्रिल २०१८ पासून इक्विटी, म्हणजे मुख्यतः शेअरमध्ये पैसा लावणाऱ्या, योजनांच्या लाभांशावर १० टक्के कर आला, वर अधिभार, तो घराणंच कापून भरायचं. तेव्हापासून युनिटमागे २२ पैसे, म्हणजे १७,६००. ते एकोणीस महिने. शेवटचे पाच महिने १५ पैसे, म्हणजे १२ हजार. कमी झालेलं मामाजींच्या लक्षात आलं होतं, पण ‘कापूसही कधी कमी पिकते’ म्हणून ते गप्प राहिले होते. सगळं मिळून ४ लाख ९४ हजार ४०० रुपये आले होते.

मी सांगितलं की हे व्याज नाही. ज्या दिवशी २५ पैसे दिले, त्या दिवशी एनएव्ही तेवढ्यानेच उतरते. योजना कमावत असली तर ती कमाई वाटली असं म्हणता येईल. पण २०१८ आणि २०१९ मध्ये फार कमाई नव्हतीच. आणि त्यातही एक बारीक गोष्ट आहे, जी मला स्वतःला समजायला दोन वेळा पुस्तक वाचावं लागलं. तुम्ही २५ रुपयाला युनिट घेता तेव्हा त्या किमतीत आधीच्या लोकांच्या काळात साठलेला नफाही धरलेला असतो. तुम्ही तो भाग आपल्या खिशातून भरता. पुढे योजनेला लाभांश द्यायचा झाला की त्या साठ्यातूनही देता येत होता. म्हणजे तुम्ही आज भरलेले पैसे तुम्हालाच उद्या लाभांश म्हणून परत. सेबीने १ एप्रिल २०२१ पासून ‘डिव्हिडंड’ हे नावच काढून टाकायला लावलं. आता त्या पर्यायाच्या नावात भांडवल काढून घेणं हे शब्द आहेत. साडेतीन वर्षं आधी ते नाव असतं तर मामाजींनी निदान विचारलं असतं.

मामाजींनी बराच वेळ वहीकडे पाहिलं. मग म्हणाले, “आपलेच पैसे आपल्यालेच देत होते व्हय?”

मी म्हटलं, बराचसा भाग तसाच.

“म्हणजे बियाण्याची जवारी दळून खाल्ली आपण. आन् पारावर सांगत फिरलो का पीक आलं म्हणून.”

आमच्या आजेसासूबाई बियाण्याची ज्वारी वेगळ्या मडक्यात राख घालून, तोंड शेणानं लिंपून ठेवायच्या. घरात उपास पडला तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. मामाजी त्या घरात वाढलेले. त्यांना पैसे गेल्याचं जितकं लागलं, त्याहून जास्त त्या मडक्याचं लागलं.

पुढचं मी थांबवू शकले नाही, आणि ते आजही मनात आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मामाजी पास काढून मोटरसायकलवर बँकेत गेले आणि सगळे युनिट विकून आले. १५ रुपये ८० पैशांनी. १२ लाख ६४ हजार. येणारं सगळं धरून वीस लाखांचे साडेसतरा लाख. मी दोन वेळा म्हटलं, आता नका काढू, जे पडायचं ते पडून गेलं असेल, निदान अर्धे राहू द्या. पण ज्या घराण्याने आपल्याला सांगितलं नाही, त्याच्याकडे एक दिवसही पैसा ठेवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. २४ सप्टेंबर २०२१ ला सेन्सेक्स पहिल्यांदा ६० हजारांच्या वर बंद झाला. मी त्या दिवशी घरात टीव्ही लावला नाही.

पारावरच्या त्या चौघांपैकी तिघांनी त्याच आठवड्यात काढले. जसे गेले तसेच आले, एकमेकांच्या मागे. चौथा राहिला, कारण तो तेव्हा मुलीकडे सुरतला अडकला होता आणि फॉर्मवर सही करायला येऊ शकला नाही. तो आज नफ्यात आहे. त्याला विचारलं तर तो हसतो.

आता हेच मामाजी कापसात कसे वागतात ते सांगते. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला, पुढे बारा हजारांचीही बोली लागली. आमचा तोवर विकून झाला होता. पुढच्या हंगामात, २०२२-२३ ला, वेचणी झाली आणि मामाजींनी ठरवलं, दहाच्या खाली द्यायचा नाही. समोरची खोली छतापर्यंत भरली. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, होळी गेली. “राहू दे, भाव येईन.” मार्चनंतर ऊन तापलं, तसं कापसातून बारीक किडे निघाले आणि घरादाराला खाज सुटली. माझ्या लेकीच्या हातापायावर पुरळ आलं. विकला तेव्हा जूनची पेरणी तोंडावर होती, बियाण्याला पैसे हवे होते. सव्वासात हजार.

एकच माणूस. फंड पडला तर पंधरवड्यात विकला, कापूस पडला तर सहा महिने उराशी धरला. एनआयएसएमच्या पुस्तकात माणसाच्या अशा वागण्याला इंग्रजी नावं आहेत. तोटा सोसवत नाही म्हणून तोट्यातली वस्तू धरून बसणं, जुना वरचा भाव डोक्यात घट्ट बसणं, घोळक्यामागे जाणं. मी ती पाठ केली, परीक्षेत दोन मार्कही मिळाले असतील. पण मामाजींकडे पाहून मला जे वाटतं ते त्या पुस्तकात नाही. कापूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. रात्री उठून ते त्यावर हात फिरवायचे. ओला झाला तर कळायचं, पिवळा पडला तर कळायचं. फंडाचं फक्त एक आकडा असलेलं पान होतं, इंग्रजीत. ज्याला हात लावता येत नाही त्यावर विश्वास टिकवायला कुणीतरी समोर बसून बोलणारं लागतं. वाईट दिवशी तर जास्तच. त्या मार्चमध्ये पाया पडणाऱ्या त्या मुलाची बदली झाली होती आणि त्याच्या जागी आलेल्याचा फोन लागत नव्हता.

म्हणून मी नंबर घेतला. आणि इथे एक सरळ सांगते: मी रेग्युलर प्लॅन देते, त्यातून मला कमिशन मिळतं. २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅनही असतो, त्यात वितरकाचं कमिशन नसतं, खर्च कमी असतो. ज्याला स्वतः जमतं त्याने तो घ्यावा. गावातल्या दोन मास्तरांना मीच ॲप उतरवून दिलं. माझ्याकडे येतात ते मला पडत्या बाजारात दारात उभं करता यावं म्हणून येतात.

एसआयपीबद्दल, म्हणजे फंडात दरमहा ठरलेला हप्ता भरण्याबद्दल, मात्र मला शहरातल्या लोकांशी थोडं भांडायचं आहे.

२०२५ च्या जानेवारीत नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या जास्त होत्या. बातम्या आल्या की छोटा गुंतवणूकदार घाबरला. काही घाबरलेच होते. सप्टेंबर २०२४ च्या शिखरानंतर बाजार उतरत होता, आणि माझ्या वहीतल्या ६४ पैकी १९ एसआयपी त्या हिवाळ्यात थांबल्या. पण मी त्या एकोणीस घरी गेले आहे. त्यातल्या सात जणींना बाजार पडला हे माहीतच नव्हतं. सोयाबीनला हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास जात होतं. खात्यात पैसा नव्हता. एसआयपी थांबली कारण वावर थांबलं.

एसआयपी पगारदार माणसासाठी बनवलेली आहे. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. आमच्याकडे पैसा दिवाळीपासून होळीपर्यंत येतो आणि जून ते सप्टेंबर फक्त जातो. बियाणं, खत, डवरणी, निंदण, फवारणी. ऑगस्टमध्ये ५०० रुपयांचा हप्ता परत गेला की बँक त्यावर दंड लावते आणि वर जीएसटी. मी एका बाईच्या पासबुकात ५०० च्या हप्त्यासाठी त्याच्या निम्म्याहून जास्त दंड कापलेला पाहिला आहे. दोनदा. सलग तीन महिने हप्ता चुकला की एसआयपी आपोआप रद्द. मग ती ‘घाबरलेल्या’ लोकांच्या आकड्यात जाते.

आता मी हे असं करते. कापसाचा किंवा तुरीचा चुकारा आला की त्यातली ठरलेली रक्कम एकदम लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या मुदतीच्या, कमी जोखमीच्या फंडात. तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम इक्विटी योजनेत आपोआप सरकते. बँक खात्याशी संबंध नाही, म्हणून हप्ता परत जाण्याचा प्रश्न नाही, दंड नाही. पेरणीच्या वेळी लागलेच तर लिक्विडमधले दुसऱ्या दिवशी हातात येतात. हे काही मी शोधलेलं नाही, ही सोय प्रत्येक घराण्याकडे कधीपासूनची आहे. पण जाहिरात एसआयपीची होते. एखाद्या घराण्याने ‘चुकाऱ्यानंतर’ अशी एक योजना आमच्या भागासाठी मराठीत समजावून सांगितली तर मी तिची पत्रकं घरोघर वाटेन, फुकट.

गावातल्या कृषी केंद्रावर बसणारा एक मुलगा आहे, मला काकू म्हणतो. बीएस्सी ॲग्री. २०२४ च्या सप्टेंबरात तो माझ्याकडे दीड लाख घेऊन आला. कारखानदारीच्या थीमवर नवीन योजना येत होती, एनएफओ. “काकू, दहा रुपयालेच भेटून राहिलं युनिट. जुन्या फंडाचं एकशे साठ हाय.”

मी त्याला त्याच्याच दुकानात बसून हिशोब दाखवला. दहा हजाराचे दहाच्या भावाने हजार युनिट आले. एकशे साठच्या भावाने साडेबासष्ट आले. आतले शेअर दहा टक्के वाढले तर दोन्हीकडे अकरा हजार होतात. युनिटचा भाव म्हणजे पोत्याचा आकार. लहान पोत्यात भरल्याने कापूस वाढत नाही. त्याला हे पटलं. मग मी विचारलं, तू शेतकऱ्याला काय सांगतोस? दरवर्षी कंपन्या नवीन पाकीट आणतात, नवीन नाव, पाकिटावर बोंडांनी लदलेलं झाड. तू सांगतोस, काका, नवीन वाण एका ओळीत लावून बघा, सगळ्या वावरात नको. मग इथे सगळं वावर कशाला? तो म्हणाला, “हे वेगळं हाय, काकू.”

नवीन योजना इतक्या का येतात याचं कारणही त्या वर्गवारीतच आहे. लार्ज कॅप, मिड कॅप, स्मॉल कॅप, म्हणजे मोठ्या, मध्यम, लहान कंपन्यांचे फंड, प्रत्येकात एकच योजना ठेवायची, ती तर आधीच आहे. नवीन पैसा आणायला नवीन पाकीट हवं, आणि नियमात मोकळीक उरली ती थीमच्या योजनांना. थीमची योजना विकली जाते ती त्या क्षेत्राचे शेअर आधीच वाढलेले असतात तेव्हा, कारण घेणारे तेव्हाच येतात. मंदीत पडलेल्या क्षेत्राचा एनएफओ कुणी काढला तर आपण घेणार आहोत का? खरं उत्तर द्या. फंड घराणं आपल्या मागणीवर चालतं. आपण मागच्या वर्षीच्या परताव्याचा तक्ता पाहून धावतो, ते तक्ता पुढे करतात.

याच्या उलटही मी पाहिलं आहे आणि ते सांगायलाच हवं. २०२३ मध्ये काही घराण्यांनी आपल्या स्मॉल कॅप योजनेत एकरकमी पैसे घेणं थांबवलं. लहान कंपन्यांत एवढा पैसा शहाणपणाने लावायला जागा नाही, असं सांगून. ज्यांची कमाई जमा रकमेवर आहे त्यांनी येणारा पैसा परत पाठवला. मला फार बरं वाटलं होतं. मी ते माझ्या लोकांना कौतुकाने सांगितलं, आणि काय झालं? पुढच्या आठवड्यात त्याच योजनेसाठी तीन जण आले. बंद झालं म्हणजे भारी असेल! मे महिन्यात कृषी केंद्रापुढे एखाद्या वाणाचा तुटवडा असल्याची आवई उठली की पहाटेपासून रांग लागते, अगदी तसं. मार्च २०२४ पासून तर सगळ्या घराण्यांना मिड आणि स्मॉल कॅप योजनांतला निम्मा किंवा पाव पैसा विकायचा झाला तर किती दिवस लागतील, हे दर महिन्याला जाहीर करावं लागतं. मी ते आकडे छापून आणते. बघणारे दोघेच, मी आणि शिक्षिकाबाई.

कृषी केंद्राच्या मुलाचे दीड लाख मार्च २०२५ मध्ये एक लाख अठरा हजारांवर आले होते. त्याने काढले नाहीत. दुसरे टाकलेही नाहीत. दुकानापुढून गेले की तो नजर चुकवत नाही, एवढं मला पुरे आहे.

आता मामाजींचं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. विक्रीचे पैसे एफडीत आहेत, तिथून ते हलत नाहीत आणि मी हलवत नाही. पण त्यांनी एक काम स्वतःकडे घेतलं आहे. फंड घराण्याला मूळ स्वरूपातल्या बदलाची सूचना एका इंग्रजी दैनिकात आणि जिथे त्यांचं मुख्य कार्यालय असेल तिथल्या भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. बहुतेक घराण्यांचं कार्यालय मुंबईला. म्हणजे सूचना मराठीत येते. आपल्या वर्तमानपत्रात, निविदांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘युनिटधारकांनी कृपया नोंद घ्यावी’. इतकी वर्षं त्यावर आम्ही पापड वाळवले. आता मामाजी सकाळी भिंग घेऊन ओट्यावर बसतात, सूचना दिसली की कात्रीने कापून माझ्या वहीत ठेवतात. फंड मॅनेजर बदलला तर तेवढ्यासाठी तीस दिवसांची सवलत नसते, ते नुसतं कळवतात. तरी मामाजी तेही कापतात. “गडी बदलला का वावराची कळा बदलते,” म्हणतात.

काल त्यांनी कापलेली सूचना विलीनीकरणाची आहे. एका घराण्याची मागे पडलेली योजना त्यांच्याच मोठ्या योजनेत मिसळते आहे. मिसळली की मागे पडलेल्या योजनेचं नाव पुसलं जाईल, तक्त्यात फक्त मोठी राहील. त्या मागे पडलेल्या योजनेत माझ्याकडची एक बाई आहे. विधवा आहे, नवऱ्याच्या विम्याचे पैसे. काहीच केलं नाही तर तिचे युनिट आपोआप नव्या योजनेत जातील, त्यावर कर लागणार नाही, पण नवी योजना आधीच्यापेक्षा बरीच जोखमीची आहे. तीस दिवसांतले अकरा गेले आहेत. तिच्या घरी दोन वेळा जाऊन आले, कुलूप. वेचणी चालू आहे, ती उजाडायच्या आधी निघते आणि अंधार पडल्यावर येते. मामाजी म्हणाले, “वावरातच जा. कात्रण घेऊन जा, मराठीत हाय, तिले वाचता येते.”

उद्या पहाटे पाचच्या आधी निघते. धुऱ्यावर बसून बोलता येईल.